गिअरबॉक्स उतरवण्याआधी मीटर लावा: ऑटोमॅटिक गाडीतला इलेक्ट्रिकल बिघाड सुरक्षितपणे कसा शोधायचा

मागच्या उन्हाळ्यात तासगावकडचे एक द्राक्षबागायतदार गाडी घेऊन आमच्या सांगलीच्या गॅरेजवर आले. टॉर्क कन्व्हर्टरवाली (इंजिनची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणारी), सहा गिअरची ऑटोमॅटिक. चालता चालता एकदम तिसऱ्या गिअरमध्ये अडकायची, चेक लाइट लागायची. बंद करून परत चालू केली की चार-पाच किलोमीटर नीट. एके ठिकाणी त्यांना सांगितलं होतं की बॉक्स उघडावा लागेल आणि खर्च लाखाच्या पुढं जाईल. "दादा, बागेचं पैसं अजून यायचं हायत. तुमी एकदा बघा, मग काय ते ठरवू," असं म्हणून ते बाकड्यावर बसले.

इंजिन चालू ठेवलं. हेडलाइट, एसी, मागच्या काचेची जाळी, जे जे करंट ओढतं ते सगळं चालू केलं. मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह टोकावर, दुसरी गिअरबॉक्सच्या अंगावर. तिथं ०.१ व्होल्टच्या आत दिसायला हवं, दिसले ०.९. निगेटिव्ह केबल गिअरबॉक्सला जिथं बोल्टनं बसते तिथं केबलच्या टोकाच्या कानाखाली (बोल्टसाठी भोक असलेल्या पत्रीखाली) अॅल्युमिनियमची पांढरी भुकटी साचली होती. "सेल्फ पण जड मारत असेल ना?" विचारलं, तर म्हणाले, "व्हय की, पण बॅटरी जुनी झाली म्हणून सोडून दिलं." कान काढला, दोन्ही बाजू ब्रशनं घासून चकचकीत केल्या, बोल्ट आवळला. रीडिंग ०.०४. बॉक्स आजही उघडलेला नाही.

हे सविस्तर सांगायचं कारण एवढंच की ऑटोमॅटिक गाडीत गिअर कधी आणि कोणता टाकायचा हे कंट्रोल युनिट (गाडीतला छोटा कॉम्प्युटर) ठरवतं, आणि त्याला मिळणारी वीज किंवा माहिती खराब असेल तर चांगला बॉक्सही खराब झाल्यासारखा वागतो. बॉक्स उतरवणं हा शेवटचा उपाय. त्याच्या आधी काय काय तपासायचं, कुठल्या क्रमानं, आणि हातपाय व गाडी शाबूत ठेवून कसं, ते पुढं लिहितो. गॅरेजमध्ये नवीन शिकणाऱ्या पोरांसाठी आहेच, पण ज्यांची स्वतःची ऑटोमॅटिक आहे त्यांनीही वाचावं. निदान गॅरेजवाल्याला कोणता प्रश्न विचारायचा हे कळेल.

आधी गाडी ओळखा

"ऑटोमॅटिक" या एका शब्दात निरनिराळ्या यंत्रणा येतात. टॉर्क कन्व्हर्टर आणि सीव्हीटी (ठराविक गिअर नसलेली) तेलाच्या दाबावर चालतात, तो दाब बॉक्सच्या आतले सोलेनॉइड, म्हणजे विजेवर उघडमीट होणारे वॉल्व्ह, वळवतात. ड्युअल क्लचमध्ये दोन क्लच आणि त्यांना चालवणारं युनिट असतं. आपल्याकडे लहान गाड्यांत जास्त दिसते ती एएमटी: आतला बॉक्स साधा मॅन्युअल, फक्त क्लच आणि गिअर हलवायचं काम अॅक्च्युएटर करतो. काही एएमटीमध्ये तो इलेक्ट्रिक मोटरवर चालतो, काहींत हायड्रॉलिक पंपावर.

हायड्रॉलिक एएमटीबद्दल एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. अशा बऱ्याच गाड्यांत ड्रायव्हरचं दार उघडलं की पंप आपोआप घूंऽऽ करत सुरू होतो. चावी खिशात असली तरी. अॅक्युम्युलेटरमध्ये (दाब साठवणाऱ्या डब्यात) तेल ४० बारच्या आसपास दाबून ठेवलेलं असतं. टायरमधल्या हवेच्या पंधरा-वीस पट. तुमचा हात अॅक्च्युएटरजवळ असताना पोरानं मोबाईल काढायला दार उघडलं, तर अॅक्च्युएटरचा दांडा हलू शकतो आणि बोट मध्ये सापडू शकतं. तिथं हात घालण्यापूर्वी स्कॅनरवरून दाब सोडा, मग बॅटरीची निगेटिव्ह काढा. दाब न सोडता पाइप सैल करायचा नाही.

हायब्रिड गाडी असेल तर बॉनेट उघडल्यावर जाड नारिंगी केबल दिसतील. त्या हाय व्होल्टेजच्या, जीव घेणाऱ्या. त्याचं वेगळं प्रशिक्षण, १००० व्होल्टचे इन्सुलेटेड हातमोजे आणि सर्व्हिस प्लग काढून ठरलेला वेळ थांबायची शिस्त नसेल, तर नारिंगी केबलला, तिच्या कपलरला (वायर जोडायच्या प्लगला) आणि ती जिथं जाते त्या डब्याला हात लावू नका. बाजूची साधी १२ व्होल्टची बॅटरी तपासायला हरकत नाही, तिथंच थांबा. हा लेख १२ व्होल्टच्या कामापुरताच आहे.

जीव आधी

गाडी सपाट जागेवर घ्या, हँडब्रेक ओढा आणि चाकाला पुढून-मागून लाकडी ठोकळे लावा. बऱ्याच एएमटी गाड्यांना पी पोझिशनच नसते, त्यामुळं "पी ला टाकलीय, कुठं जातीय" हा भरवसा तिथं चालत नाही. इंजिन चालू ठेवून गिअर टाकून बघायची असेल तर एक माणूस सीटवर, पाय ब्रेकवर, आणि गाडीच्या पुढं-मागं कुणीही नाही. ग्राहकसुद्धा नाही. तो हमखास पुढं वाकून बॉनेटमध्ये बघत असतो, त्याला हाताला धरून बाजूला करा.

खाली शिरायचं असेल तर जॅकवर विसंबू नका, स्टँड लावा. अंगठी, कडं, मनगटातली साखळी काढून ठेवा. बॅटरीच्या पॉझिटिव्हवर पाना आणि पान्याला टेकलेली अंगठी, एवढ्यावर बोट भाजतं. चार्जिंगला लावलेल्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो, तिथं बिडी-सिगारेट नको, ठिणगी नको. बॅटरी काढताना निगेटिव्ह आधी, बसवताना निगेटिव्ह शेवटी. गिअर लिव्हरच्या खालचं कन्सोल उघडताना पिवळे कपलर दिसले तर ते एअरबॅगचे. त्यांना मीटर लावायचं नाही. लांबून आलेल्या गाडीचं बॉक्समधलं तेल ८०-९० अंशांवर असतं, ते निवल्याशिवाय खालचा कपलर काढू नका. कपलरच्या बुडातून तेल आलं तर थेट मनगटावर येतं.

आणि एक गोष्ट कितीही घाई असली तरी करायची नाही. गाडी सेल्फ घेत नाही म्हणून पी-एनचा सेफ्टी स्विच वायर जोडून बायपास करणं. तो स्विच गाडी गिअरमध्ये असताना सेल्फ बसू नये म्हणूनच असतो. बायपास केलेली गाडी डी मध्ये असताना कुणी चावी फिरवली तर समोर जो असेल त्याच्या अंगावर जाते. शाळेच्या गेटसमोर असं झालं तर काय, एवढाच विचार करा.

कोणती हत्यारं

चांगला डिजिटल मल्टिमीटर, गिअरबॉक्सचे कोड वाचणारा स्कॅनर, मागून लावायच्या बारीक पिना, कॉन्टॅक्ट क्लीनर. बल्बवाला टेस्ट लॅम्प फ्यूज बघायला ठीक, पण कंट्रोल युनिटच्या आणि सेन्सरच्या वायरला तो कधीही लावू नका. तो स्वतःच करंट ओढतो, त्यात युनिटमधला भाग जळू शकतो. मीटरचं तसं नसतं, बहुतेक डिजिटल मीटरचा आतला रेझिस्टन्स १० मेगाओहम असतो, त्यामुळं तो करंट जवळजवळ ओढतच नाही. मात्र लाल वायर चुकून १० अँपिअरच्या भोकात राहिली आणि तुम्ही व्होल्टेज बघायला गेलात, तर तो सरळ शॉर्ट आहे. प्रत्येक वेळी पिन टेकवण्याआधी भोक बघा. माझी ही सवय शिकाऊ असताना एकदा मीटरचा फ्यूज उडाल्यावर लागली, ती आजवर टिकली आहे.

वायरच्या पोटात सुई खुपसून बघायची पद्धत सोडून द्या. त्या भोकातून पावसाळ्यात पाणी शिरतं आणि सहा महिन्यांनी तीच वायर आतून हिरवी होऊन तुटते. कपलरच्या मागून, वायर जिथं आत शिरते तिथून पिन सरकवा.

पहिली तपासणी: बॅटरी, चार्जिंग, अर्थ

रात्रभर उभी असलेल्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे साधारण तीन-चतुर्थांश, १२ च्या आसपास म्हणजे जवळपास रिकामी. सेल्फ मारताना ९.६ च्या खाली जायला नको. इंजिन चालू झाल्यावर बहुतेक गाड्यांत १३.८ ते १४.५. काही नव्या गाड्या पेट्रोल वाचवायला मुद्दाम चार्जिंग कमी करतात, तिथं थोडं कमी दिसलं तर लगेच अल्टरनेटरला दोष देऊ नका, लोड टाकून परत बघा.

एएमटीला बॅटरीचा फार मोठा फरक पडतो, कारण पंप किंवा मोटर थेट बॅटरीवर चालते. सकाळी एन मधून गिअर पडत नाही, दुपारी पडतो, अशी तक्रार असेल तर स्कॅनरच्या आधी बॅटरी बघा.

अर्थ, म्हणजे करंट बॅटरीच्या निगेटिव्हला परत जायची वाट, मात्र नुसती ओहमवर बघून कळत नाही, इथं नवीन पोरं फसतात. वायरच्या वीस तारांपैकी एकच शाबूत असली तरी मीटर बीप देतो, ओहम जवळजवळ शून्य दाखवतो. पण करंट वाहायला लागला की त्या एका तारेत व्होल्टेज अडकतं. म्हणून सुरुवातीला सांगितलं तसं सगळं चालू ठेवून व्होल्टेज ड्रॉप बघायचा. बॅटरी निगेटिव्ह ते इंजिन, निगेटिव्ह ते बॉडी, निगेटिव्ह ते गिअरबॉक्स, निगेटिव्ह ते कंट्रोल युनिटची अर्थ पिन. चारही ठिकाणी ०.१ च्या आत. त्याच पद्धतीनं बॅटरी पॉझिटिव्ह ते युनिटची सप्लाय पिन बघा. तिथं अर्धा व्होल्ट जात असेल तर फ्यूजची जागा, रिले आणि मधला कपलर तपासायला घ्या.

फ्यूज आणि ब्रेक स्विच

विश्रामबागेतल्या एका काकूंचा फोन आला, "गाडी चालू होतीय, पण पी मधून दांडाच हलत नाही. टो करायला माणूस बोलावू का?" म्हटलं, "काकू, थांबा. ब्रेक दाबा आणि कुणाला तरी मागं उभं करून लाल लाइट लागते का बघायला सांगा." लागत नव्हती. ब्रेक दाबल्याची खबर मिळाल्याशिवाय शिफ्ट लॉक पी मधून लिव्हर सोडत नाही, आणि ती खबर ब्रेक लाइटच्याच स्विचवरून येते. फ्यूज उडाला होता. नवीन टाकला तर तोही उडाला, म्हणजे पुढं शॉर्ट आहे. डाव्या टेल लॅम्पच्या होल्डरमध्ये पाणी शिरून दोन पत्र्या चिकटल्या होत्या.

फ्यूज उडाला की त्याच अँपिअरचाच टाकायचा. १० च्या जागी २० टाकला तर फ्यूज वाचेल आणि वायर जळेल. बहुतेक गाड्यांत लिव्हरच्या शेजारी छोट्या झाकणाखाली शिफ्ट लॉक सोडायची खाच असते, तिथं स्क्रूड्रायव्हर दाबून गाडी एन ला घेता येते. पण ती गाडी बाजूला घेण्यापुरती. ब्रेक लाइट लागत नसलेली गाडी रस्त्यावर न्यायची नसते, मिरज रोडवर तर नाहीच.

स्कॅनर काय सांगतो आणि काय नाही

कोड वाचा, लिहून घ्या किंवा फोटो काढा, आणि मगच पुसा. न लिहिता पुसलेला कोड परत यायला कधी कधी आठवडा लागतो.

पी०७०० दिसला तर घाबरू नका. गिअरबॉक्सच्या युनिटनं इंजिनच्या युनिटला "माझ्याकडे काहीतरी आहे" एवढंच सांगितलंय. खरा कोड गिअरबॉक्सच्या मेनूत जाऊन बघायचा, साधे स्वस्त स्कॅनर तिथवर पोचत नाहीत. पी०७०५ रेंज सेन्सरचा (लिव्हर पी, आर, एन, डी पैकी कुठं आहे ते सांगणारा), पी०७१० तेलाच्या तापमानाचा, पी०७१५ इनपुट स्पीडचा, पी०७२० आउटपुट स्पीडचा. पी०५६२ म्हणजे व्होल्टेज कमी, आणि तो इतरांच्या बरोबर असेल तर आधी तोच सोडवा. बाकीचे कित्येकदा त्याच्यामुळंच आलेले असतात.

सगळ्यात महत्त्वाचा फरक "सर्किट" आणि "परफॉर्मन्स" यातला. पी०७५३ म्हणजे शिफ्ट सोलेनॉइड ए चं इलेक्ट्रिकल सर्किट. तिथं वायर, कपलर, कॉइल शोधायची. पी०७३० म्हणजे गिअरचं गुणोत्तर जुळत नाही, पी०७४१ म्हणजे कन्व्हर्टरचा लॉक नीट लागत नाही. हे दोन तेल, दाब किंवा क्लचमुळंही येतात, तिथं फक्त वायरी शोधत बसलात तर दिवस जाईल. यू०१०१ म्हणजे गिअरबॉक्सच्या युनिटशी बोलणंच बंद झालंय. तेव्हा आधी युनिटचा सप्लाय, अर्थ, मग कॅनच्या वायरी, म्हणजे ज्यांवरून सगळी युनिटं एकमेकांशी बोलतात त्या.

लाइव्ह डेटा (स्कॅनरवर त्या क्षणी दिसणारे आकडे) बघायचा कंटाळा करू नका. इंजिन बंद, इग्निशन ऑन, पाय ब्रेकवर, आणि लिव्हर अगदी हळू पी पासून डी पर्यंत न्या. स्क्रीनवरचं अक्षर मध्येच गायब झालं किंवा दोन अक्षरांत नाचलं तर रेंज स्विच खराब किंवा लिव्हरची केबल सरकलेली. रिव्हर्सची पांढरी लाइट कधी लागते कधी नाही, हाही त्याच स्विचचा इशारा.

आता मीटरनं मोजा

ओहम मोजताना इग्निशन बंद, निगेटिव्ह काढलेली, कपलर सोडवलेला. इग्निशन चालू असताना कंट्रोल युनिटचा कपलर ओढायचा नाही.

सोलेनॉइडच्या कॉइलचा रेझिस्टन्स गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेला असतो. अंदाजासाठी सांगतो: नुसते चालू-बंद होणारे बरेच सोलेनॉइड २० अंशांना ११ ते १५ ओहम दाखवतात, दाब कमी-जास्त करणारे लिनिअर प्रकारचे साधारण ५ ओहम. तापमान लक्षात घ्या. तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो, म्हणजे थंड असताना १२ ओहम दाखवणारी कॉइल ८० अंशांना १५ च्या जवळ जाते. गरम बॉक्सवर १५ दिसले म्हणून सोलेनॉइड बदलू नका. उलट थंड असताना ठीक आणि गरम झाल्यावर अनंत दाखवणारी कॉइल खरोखर खराब, आत तार तुटलेली आहे. सांगलीच्या एप्रिल-मेच्या उन्हात अशा गाड्या दुपारी येतात आणि संध्याकाळी नीट चालतात.

कॉइलचं टोक आणि बॉक्सचं अंग यातही मोजून बघा. आत अर्थ घेणारा सोलेनॉइड असेल तर कॉइलएवढंच रीडिंग येईल. दोन्ही टोकं बाहेर असतील तर अंगाशी काहीच लागायला नको.

स्पीड सेन्सर दोन वायरचा असेल तर बहुधा कॉइलचा, त्याचा ओहम मोजता येतो. तीन वायरचा बहुधा हॉल सेन्सर. त्याला ओहम लावायचं नाही, आत इलेक्ट्रॉनिक सर्किट असतं. त्याचा सप्लाय, अर्थ आणि फिरताना बदलणारा सिग्नल बघायचा. तापमानाच्या सेन्सरचा ओहम गरम झाल्यावर कमी व्हायला हवा. थंड गाडीत स्कॅनर १२० अंश दाखवत असेल तर तिथंच घोळ आहे.

कॅनच्या दोन वायरी एकमेकींना पिळ घातलेल्या असतात. बऱ्याच गाड्यांत स्कॅनरच्या सॉकेटच्या ६ आणि १४ नंबरच्या पिनांमध्ये, निगेटिव्ह काढून, ६० ओहम मिळतात, कारण लाइनच्या दोन टोकांना १२०-१२० ओहम बसवलेले असतात. १२० आले तर एक टोक तुटलंय, शून्याजवळ आलं तर दोन वायरी एकमेकींना चिकटल्या आहेत. सॉकेट आणि लाइन यांच्या मध्ये गेटवे (वेगळं युनिट) असलेल्या गाड्यांत हा आकडा वेगळा येतो, तिथं मॅन्युअल बघूनच बोला.

कपलर, उंदीर आणि पूर

माझ्या हाताखालून गेलेल्या कामांत सगळ्यात जास्त दोष इथं सापडले. कपलर काढा, उजेडात धरा. पिन हिरवट झालीय का, मागं सरकलीय का, बुडात तेल आहे का? काही बॉक्समधून तेल वायरीच्या आतून झिरपत कपलरपर्यंत चढतं. इंजिन चालू ठेवून वायरिंग हळूच हलवत लाइव्ह डेटा बघा. हात पंख्यापासून आणि पट्ट्यापासून लांब. आकडा उडाला ती जागा.

उसाच्या फडाजवळ, बेदाण्याच्या शेडजवळ उभ्या राहणाऱ्या गाड्यांत उंदीर वायरिंग कुरतडतात. नुसती टेप गुंडाळू नका. नवीन वायरचा तुकडा सोल्डर करा, हीट श्रिंक चढवा, जाळीदार नळी घाला.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४५. त्या पाण्यात बुडालेल्या गाड्या पुढं कितीतरी महिने आमच्याकडे येत होत्या. एकीचा सीटखालचा कपलर उघडला तर आत गाळाचा थर, नखानं निघेल असा, आणि खाली चार पिना खाऊन गेलेल्या. मालक म्हणत होते, "पुरानंतर सहा महिने झकास चालली की." गंज सावकाश वाढतो. पाण्यात बुडालेली गाडी चालू करायचा प्रयत्नच करू नका, चावीसुद्धा फिरवू नका. निगेटिव्ह काढा, फ्लॅटबेडवर न्या, बॉक्सचं तेल दुधाळ झालंय का बघा, आणि पाण्याच्या रेषेखालचा प्रत्येक कपलर उघडून क्लीनरनं धुऊन वाळवा. २०२१ ला परत पाणी आलं तेव्हा ज्यांनी हे ऐकलं त्यांच्या गाड्या वाचल्या.

दुरुस्तीनंतर

सोलेनॉइड, कंट्रोल युनिट किंवा क्लच बदलला असेल, तर स्कॅनरवरून अॅडाप्टेशन किंवा लर्निंग, म्हणजे युनिटला नव्या भागाची ओळख करून देणं, करावं लागतं. काही एएमटीत नुसती बॅटरी काढून बसवली तरी लर्निंग करावं लागतं. ते न करता दिलेली गाडी झटके मारते आणि ग्राहक म्हणतो, काम बिघडवलं. युनिट बदलायची वेळ आलीच तर आधी सप्लाय, अर्थ आणि सोलेनॉइडची शॉर्ट परत तपासा. जुनं ज्यानं जाळलं तेच कारण जागेवर असेल तर नवंही जळेल.

कोड पुसा आणि गाडी गरम होईपर्यंत चालवा. मी माधवनगर-तासगाव रस्त्यावर निदान अर्धा तास नेतो, शेजारी स्कॅनर धरायला दुसरा माणूस. चालवणाऱ्यानं स्क्रीनकडे बघायचं नाही. परत आल्यावर पुन्हा स्कॅन, आणि "पेंडिंग" (अजून पक्के न झालेले) कोडही बघायचे. बिलाच्या मागं आधीचं आणि नंतरचं रीडिंग लिहून देतो: अर्थ ०.९, नंतर ०.०४. तासगावच्या त्या अण्णांनी तो कागद गाडीच्या ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवला आहे. आठ महिन्यांनी सर्व्हिसिंगला आले तेव्हा आम्ही त्याच बोल्टवर परत मीटर लावलं. ०.०५.